एक मारलं की दोन वाजतात

आमच्या घरात शांतता पसरली की समजायचं, वीज गेली. एरवी हॉलच्या कोपऱ्यात शिलाई मशीन घरघरत असायचं, स्वयंपाकघरात अम्मीचा खलबत्ता चालू असायचा आणि या दोन्हींच्या वर अब्बांचा आवाज असायचा, कारण अब्बांना हळू बोलताच येत नसे. विश्रांतवाडीच्या मोठ्या रस्त्यावर त्यांचं पडद्यांचं आणि सोफ्याच्या कव्हरांचं दुकान होतं. दुकानात मावत नसे ते काम घरी यायचं, घरात मावत नसे ते जिन्यात जायचं. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्याला कुणाच्या तरी दिवाणखान्यातले मखमली पडदे ओलांडूनच बेल वाजवावी लागे. अब्बांच्या गळ्यात मापाची टेप कायम असे, जेवतानासुद्धा. बोलता बोलता समोर येईल त्या वस्तूचं ते माप घ्यायचे. एकदा त्यांनी वरणाच्या पातेल्याचं माप घेतलेलं मला आठवतं. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नाही. घरात आम्ही आमची दख्खनी बोलायचो, जिन्यात मराठी आणि दुकानात गिऱ्हाईक बोलेल ती भाषा. इथे मात्र मी सगळ्यांना मराठीच बोलायला लावलं आहे. अम्मी असती तर म्हणाली असती, बरं झालं, निदान कागदावर तरी माझं मराठी सुधारलं.

आमच्या खालच्या मजल्यावर परचुरेकाका आणि काकू राहायचे. ते मूळचे नारायण पेठेतले. तिथली इमारत पाडून नवी बांधायची ठरली, तेव्हा तात्पुरते म्हणून ते इकडे आले, आणि ती नवी इमारत काही केल्या उभी राहीना. काका विश्रांतवाडीला पुण्यात धरत नसत. ‘पुण्याला जाऊन येतो’ असं सांगून ते बस पकडायचे, आणि परत आल्यावर पायातल्या चपला अशा झटकायचे की जणू घाट उतरून आलेत. बँकेतून निवृत्त झाल्यावर ते सकाळी मुलांना तबला शिकवायचे आणि काकू दुपारी मुलींना गाणं. दिवेलागणीला दोघं एकत्र बसायची. त्या वेळी कुणी शिकायला नसे, कुणी ऐकायलाही नसे. काकू गायच्या, काका साथ करायचे, आणि वर आमच्याकडे अब्बा शिलाई मशीन बंद करायचे. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. अम्मी त्यांना अधूनमधून मटणाशिवायचा दालचा पाठवायची. अब्बांचं म्हणणं, दालच्यातून मटण काढलं की खाली उरतं ते वरण. काकांनी ते ऐकलं तेव्हा म्हणाले, “अहो तांबोळी, आम्ही त्यालाच जेवण म्हणतो.” डबा परत यायचा तो कधी अळूवडी, कधी खोबऱ्याच्या वड्या भरून. रिकामा डबा पाठवणं दोन्ही घरांत पाप समजलं जाई.

माझा मोठा भाऊ इमरान दुबईत नोकरीला होता. माझी बारावी झाली त्या सुट्टीत तो आला, जुना पोट सुटलेला टीव्ही भंगारात काढला आणि त्या जागी भिंतीला चिकटणारा भला मोठा सपाट टीव्ही लावला. अब्बांनी लगेच त्याचं माप घेतलं. माझ्यासाठी त्याने एक व्हिडिओ गेम आणला होता. त्यासोबत प्लास्टिकची एक गिटार होती, तारांऐवजी रंगीत बटणं असलेली, आणि तिपाईवर बसवलेला एक ड्रम होता, लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या चकत्यांचा. पडद्यावर एक रस्ता दिसायचा आणि गाण्याबरोबर त्या रस्त्यावरून रंगीत ठिपके आपल्याकडे धावत यायचे. ठिपका रेघेवर आला की त्याच रंगाच्या चकतीवर काठी मारायची. बरोबर मारलं तर ड्रम वाजे आणि पडद्यावरची गर्दी नाचे. चुकलं तर गर्दी ओरडून हुर्यो करायची, आणि फारच चुकलं तर गाणं मध्येच बंद पाडायची. इमरान सगळं जोडून, एक गाणं दाखवून परत गेला. त्यानंतर त्या गर्दीने माझी जी हुर्यो आरंभली, ती थांबेचना.

मी काय वाट्टेल ते करून पाहिलं. सोपं गाणं लावलं, हळू गाणं लावलं, ठिपका रेघेवर येताक्षणी जिवाच्या आकांताने काठी मारली. पडद्यावर उमटायचं: उशीर. परत उशीर. अब्बांनी एकदा वाजवून पाहिलं तर गर्दीने त्यांना पहिल्या कडव्यालाच बाहेर काढलं. “आपल्या खानदानात ताल नाही,” त्यांनी निकाल दिला. “तुझ्या आजोबांनाही नव्हता. ते लग्नात नाचायला लागले की लोक त्यांना धरायला धावायचे, चक्कर आली असं समजून.” माझं त्या वयात एवढ्याने समाधान होण्यासारखं नव्हतं. कॉलेजमध्ये जायचं, तिथे ग्रुप करायचा, ड्रम वाजवायचा, केस मोकळे सोडायचे, असं सगळं माझ्या मनात पक्कं ठरलेलं होतं. आता सांगायला हसू येतं, पण तेव्हा मी त्या प्लास्टिकच्या चकत्यांपुढे बसून खरोखर रडले आहे.

एका दुपारी बेल वाजली. दारात परचुरेकाका, एका खांद्यावर जिन्यातला पडदा अडकलेला.

“काय तांबोळी, लाकडं फोडायचं काम घेतलंय का? नाही, मोळ्या विकणार असाल तर आमच्याकडे पाणी तापवायला लागतात.”

अब्बांनी हसत हसत त्यांना बसवलं आणि माझं दुःख सांगितलं. काकांनी चष्मा वर करून त्या यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. “लय कुणाच्या बापाची नसते गं,” ते म्हणाले. “ती बसून बसून येते. सरक.” काठ्या त्यांनी बाजूला ठेवल्या. बोटांनीच वाजवतो म्हणाले. ठिपके कसे येतात, कुठे मारायचं, मी समजावून सांगितलं. काका मांडी घालून बसले, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, डोकं किंचित कलतं केलं. अम्मीसुद्धा हात पुसत बाहेर आली. माणसाला आपल्या कामाला बसलेलं पाहताना कसं छान वाटतं, तसं आम्हाला वाटलं.

आणि गर्दीने त्यांची हुर्यो केली.

काकांना वाटलं, गाणं परदेशी म्हणून असेल. पुन्हा लावायला सांगितलं. उशीर, उशीर, उशीर. तिसऱ्या खेपेला तर ते ठिपक्यांकडे बघेनातच, नुसते ऐकून वाजवू लागले, आणि त्यांचा हात जड होत होत असा रेंगाळायला लागला की मलाच कसंतरी झालं. अब्बांना मात्र मजा आली होती. ते त्यांच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले, “परचुरेसाहेब, हे म्हणतंय तुम्ही उशिरा येता!” जन्मभर बस सुटायच्या कितीतरी आधी थांब्यावर उभा राहणारा माणूस. काका हसले नाहीत. उठले, बाह्या खाली केल्या, उजवा हात डाव्या हातात धरून जरा बघितला आणि “बरं, येतो” म्हणून निघाले. अम्मीने चहा टाकला होता. परचुरेकाका चहा न घेता आमच्या घरातून गेल्याचं त्याआधी कधी घडलं नव्हतं.

त्या संध्याकाळी खालून काकूंचा आवाज आला, पण तबला आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग खालून एक वेगळाच ठेका ऐकू यायला लागला, न थकणारा, न चुकणारा, डब्यात बसून वाजवल्यासारखा. काकांनी बाजारातून तबल्याचं विजेवर चालणारं यंत्र आणलं होतं. सकाळच्या मुलांनाही सुट्टी दिली होती. आठवडा गेला असेल, काकू डबा परत करायला वर आल्या. डबा रिकामा होता. तो अम्मीच्या हातात देता देताच त्यांच्या लक्षात आलं आणि त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्याच.

“भाभी, काय करून ठेवलंत तुम्ही माझ्या माणसाला?”

मग सगळं बाहेर आलं. काकूंच्या जुन्या विद्यार्थिनींनी नारायण पेठेतल्या एका छोट्या सभागृहात त्यांचं गाणं ठेवलं होतं. जन्मभर काकूंनी दुसऱ्यांच्या मुलींना व्यासपीठावर बसवलं, स्वतः मागे तानपुरा धरून बसल्या. आता पहिल्यांदा पूर्ण संध्याकाळ एकट्या गाणार होत्या, काकांच्या साथीने. आणि काका म्हणत होते, त्या मशीनबरोबर गा, ते चुकत नाही.

“ह्यांचे थोरले भाऊही तबला वाजवायचे,” काकू म्हणाल्या. “त्यांचा हात असाच आधी जरासा मागे पडायला लागला. कुणाच्या लक्षातही येईना. मग बोटं आखडली, मग चमचा धरता येईना. ह्यांनी ते सगळं जवळून बघितलंय. आता रोज सकाळी उठून हात पुढे धरून बघत बसतात, थरथरतो का. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, डॉक्टर काय सांगणार, यंत्राने सांगितलं की.”

अम्मीने चहा टाकला. मी हॉलमध्ये येऊन त्या ड्रमपुढे बसले. मला त्याचा इतका राग आला होता की खेळ सुरू करून, गाणं न लावता, मी नुसतीच लाल चकतीवर काठी आपटायला लागले. नुसतं वाजवायचीही सोय होती त्यात. मारावं आणि टीव्हीतून ड्रमचा आवाज यावा. आतून अम्मी ओरडली, “शिरीन! एकदा मार ना, प्रत्येक वेळी दोनदा कशाला मारतेस?”

“एकदाच मारतेय!”

“मग दोन कसे वाजतात?”

मी थांबले. एकदाच मारलं. काठीचा चकतीवर थप्प, आणि त्याच्या मागोमाग टीव्हीतून धम्म. थप्प, धम्म. समोर बसून टीव्हीकडे बघत मारताना ते माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. भिंतीपलीकडे, चहाच्या आधणाकडे बघत बसलेल्या दोन बायकांना ते स्वच्छ ऐकू येत होतं. पापणी लवावी एवढाच वेळ होता मधे. पण होता.

मी इमरानला फोन लावला. तो कामावर होता. सगळं ऐकून घेऊन तो अगदी सहज म्हणाला, “हां, सपाट टीव्हीवर होतं तसं. टीव्ही आधी चित्र-आवाज आत घेतो, साफसूफ करतो, मग दाखवतो. तोवर खेळ पुढे गेलेला असतो. तुला जे दिसतं-ऐकू येतं ते आधीच शिळं असतं. सेटिंगमध्ये आहे की, मी सांगितलं नव्हतं?” नव्हतं सांगितलं. “आणि हाताचा आवाज लगेच हवा असेल तर आवाज टीव्हीतून घेऊच नकोस. ती लाल-पांढरी वायर काढून अब्बांच्या जुन्या टेपरेकॉर्डरला लाव.” भावांच्या बाबतीत माझं जे मत आहे, ते त्या दिवशी कायमचं झालं.

अब्बा ताबडतोब खाली गेले आणि काकांना ही खुशखबर देऊन तितक्याच ताबडतोब वर आले. “म्हणाले, तांबोळी, आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून घड्याळ मागे करणारा शेजारी मी प्रथमच बघतोय. आभारी आहे. दार लावून घ्या.” मी गेले तर मला म्हणाले, “शिरीन, माझ्या चुकीला यंत्राचं निमित्त नको. तू अभ्यास कर.” पुढे जन्मभर मी पुष्कळ हट्टी माणसं पाहिली, त्यातल्या दोघांच्या हाताखाली नोकरीही केली, पण स्वतःच्या विरुद्ध लागलेला निकाल असा छातीशी धरून बसलेला माणूस दुसरा पाहिला नाही.

शेवटी काकूंनीच डोकं चालवलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्या वर आल्या, आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसल्या, मला जिन्याचं दार सताड उघडं ठेवायला सांगितलं आणि अब्बांना म्हणाल्या, “तांबोळीभाऊ, बसा ड्रमवर. मी गाते, तुम्ही साथ करा.”

“काकू, मला काही येत नाही हो.”

“म्हणूनच.”

काकूंनी यमन सुरू केला. अब्बा बिचारे जीव तोडून वाजवत होते. एक तर त्यांना मुळात ताल नाही, त्यात टीव्हीतून आवाज उशिरा. सोफ्याला चुका ठोकाव्यात तसा तो प्रकार चालला होता: मधेच तीन ठोके, मग एक लांब शांतता, मग विसरलेला एक. अम्मी पदर तोंडात धरून स्वयंपाकघरात पळाली. काकूंच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नव्हती. त्या गात होत्या, आणि नेहमीपेक्षा मोठ्याने गात होत्या. खालचं दार उघडल्याचं ऐकू आलं. मग जिन्यात पावलं. मग पडद्यांचा गठ्ठा कोसळल्याचा आवाज.

“अहो, थांबवा! थांबवा आधी!” काका दारात उभे होते, तांबडेलाल. “बाई यमन गातेय आणि तुम्ही तिच्या उरावर सुतारकाम काय करताय?”

“मग तुम्ही वाजवा,” अब्बा घाम पुसत म्हणाले.

“माझा हात गेलाय.”

“तुमचा गेलेला हात,” काकू म्हणाल्या, “ह्यांच्या आलेल्या हातापेक्षा बरा असेल. बसा.”

काका बसले. रागाने बसले, म्हणूनच बसले. बोटांनी त्या लाल-पिवळ्या चकत्यांवर साधा ठेका धरला, आणि दोन आवर्तनं होतात न होतात तोच त्यांचा हात पुन्हा जड व्हायला लागला. आवाजाची वाट बघत बघत तो मागे, आणखी मागे जाऊ लागला. ते थांबले. “बघितलंत? हेच म्हणतोय मी.” त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. अब्बांनीसुद्धा तेव्हा खाली बघितलं.

काकूंनी मला खूण केली. मी टीव्हीची लाल-पांढरी वायर उपटली आणि अब्बांच्या जुन्या टेपरेकॉर्डरच्या मागे खोचली. पडद्यावरची नाचरी चित्रं डोळ्यांपुढे नकोत म्हणून अब्बांनी कुणाचा तरी शिवून तयार असलेला मखमली पडदा टीव्हीवर टाकला.

“आता एकदा,” काकू म्हणाल्या. “माझ्यासाठी.”

काकांनी एक बोट चकतीवर मारलं. धम्म. आवाज बोटाखालीच होता. त्यांनी मान वर केली. पुन्हा मारलं. मग दोन्ही हात. मग ठेका, मग त्याची दुगुन. त्या प्लास्टिकच्या ड्रममधून तबल्याचे बोल निघणं शक्य नव्हतं. निघत होते धम्म आणि ठक्क एवढेच. पण ते जिथे पडायला हवेत तिथेच पडत होते, असे चोख की अम्मी आतून बाहेर येऊन दाराला टेकून उभी राहिली. मध्येच हात थांबवून काका मला म्हणाले, “परत लाव. त्या टीव्हीला.” मी वायर बदलली. त्यांनी वाजवलं, ऐकलं, मान हलवली. “आता इकडे.” मी बदलली. “परत तिकडे.” असं किती वेळा केलं देव जाणे. शेवटी ते हात मांडीवर ठेवून त्या पडदा घातलेल्या टीव्हीकडे बघत राहिले.

“म्हणजे हा गाढव उशिरा येतोय,” ते म्हणाले. “आणि मी ह्याच्यासाठी थांबत होतो.”

“तेच सांगायला मी खाली आलो होतो,” अब्बा म्हणाले.

“तुम्ही सांगितलंत ते बरोबर होतं, तांबोळी. पण तुम्ही सांगितलंत, म्हणून पटलं नाही.” मग अम्मीकडे वळून, “भाभी, त्या दिवशीचा चहा राहिला होता माझा.”

बोलताना त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला होता आणि तो बराच वेळ पुसत होते. काकू उगाचच सतरंजीची घडी घालायला लागल्या. आम्ही सगळे अजून तिच्यावर बसलेलो होतो.

मीही नंतर सेटिंग बदललं, आणि एक विनोदच झाला. इतके दिवस हार न मानता खेळताना मला नकळत ठिपक्याच्या आधीच काठी मारायची सवय लागली होती. आता यंत्र म्हणायला लागलं: घाई, घाई, घाई. गर्दी हुर्यो करायची ती करतच राहिली. मी तो ड्रम जिन्यात, पडद्यांच्या शेजारी नेऊन ठेवला आणि सकाळच्या मुलांबरोबर काकांच्या समोर जाऊन बसले. पहिल्या दिवशी काका मला म्हणाले, “तुझ्या घराण्याची साथ ऐकली आहे मी. तरीही घेतोय तुला, हे लक्षात ठेव.” मी फार काही मोठी वादक झाले नाही. पण आज माझ्या खांद्याला लागणारी माझी लेक भाजी चिरताना माझा हात बघते आणि म्हणते, मम्मा, तू सुरी पण ठेक्यात चालवतेस.

काकूंचं गाणं झालं. अब्बांनी दुकान लवकर बंद केलं, अम्मीने ठेवणीतली साडी काढली, आणि आम्ही सगळे काकांच्या भाषेत ‘पुण्याला’ गेलो. सभागृह लहान होतं पण भरलेलं होतं. काका जरीकाठी उपरणं घेऊन बसले होते आणि ओळखीच्या माणसांकडे, आपण मधली काही वर्षं गावी गेलो होतो अशा थाटात बघत होते. काकू गायल्या, आणि त्या तशा गातात हे आम्हाला एवढी वर्षं डोक्यावर राहूनही माहीत नव्हतं. दोघं समेवर एकत्र यायची तेव्हा अब्बा इतक्या मोठ्याने ‘वाहवा’ म्हणायचे की पुढच्या रांगेतले लोक वळून बघायचे. एक-दोनदा ते समेच्या आधीच म्हणाले.

गाणं संपल्यावर सगळे बटाटेवड्यांकडे वळले. मी काकूंच्या पाया पडले आणि सांगितलं, काकू, काकांची सम कशी जिथल्या तिथे पडत होती. काकूंनी इकडेतिकडे बघितलं आणि मला जवळ ओढलं.

“जरासे मागे येतात हे,” त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. “आजचं नाही, लग्न झाल्यापासून. मी थांबते.”

पाठीमागे काका तबल्यावर गवसणी घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुजबुजताय काय,” ते म्हणाले. “ऐकू येतं मला. उशिरा येतं, पण येतं.”